शिक्का नऊ ते दहा

सरकारी पावती हातात आली की मी आजही आधी तिच्यावरचा शिक्का बघतो. शिक्का जरा वाकडा असला, शाई थोडी पसरलेली असली, की बरे वाटते. बायको म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, आता तरी पावती खिशात घाला आणि चला. पण ही खोड मला एका प्रकरणाने लावली. ते प्रकरण मनातून जात नाही, कारण त्यात चुकलेल्या माणसांमध्ये मीही होतो. नावे कुणाचीच सांगणार नाही. त्यातल्या दोन माणसांना नाव छापून आलेले आवडणार नाही, आणि तिसरा मी.

माझे वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि आम्ही दिल्लीचेच होऊन गेलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि ही गोष्ट घडली तेव्हा यमुनेपलीकडच्या एका वाहतूक सर्कलचा इन्स्पेक्टर होतो. बाजार नुकता खुला झाला होता. मयूर विहारच्या सोसायट्यांत ज्या घरी बापजन्मी सायकलशिवाय काही नव्हते, तिथे हप्त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या. मेट्रो अजून कागदावरच होती. सकाळी साडेआठपासून सारा मयूर विहार स्कूटर, चार्टर्ड बस आणि नव्या मोटारी घेऊन पुलाकडे निघायचा, आणि प्रत्येकाला आपणच आधी पोहोचायचे असायचे.

गाड्या वाढल्या तशी बेशिस्त वाढली, आणि सरकारने कायद्यात बदल करून दंड वाढवला. लाल दिवा तोडा, हेल्मेट विसरा, कागद घरी ठेवा, सगळ्याचे दर कित्येक पटींनी चढले. जागेवर दंड भरायचा नसेल तर कोर्टात जा, पण तिथला दंड त्याहून जबर, आणि अख्खा दिवस बाकावर बसून जाणार तो वेगळा. त्यामुळे पकडलेला माणूस हुज्जत न घालता पाकीट काढायचा. मी या वाढीच्या बाजूचा होतो. अपघातातली माणसे मी उचलली होती. दंड झोंबल्याशिवाय डोके ताळ्यावर येत नाही, असे माझे ठाम मत होते आणि ते मी न विचारता सगळ्यांना सांगायचो.

दर लागू झाले, पण चलानची, म्हणजे दंडाच्या पावत्यांची, पुस्तके जुनीच. त्यांत प्रत्येक गुन्ह्यासमोर जुना दर छापलेला. मुख्यालयाचा हुकूम आला, की नवी पुस्तके येईपर्यंत जुन्या दरावर रेघ मारावी, शेजारी 'सुधारित दर' असा रबरी शिक्का मारावा आणि त्यात नवी रक्कम लिहावी. शिक्का मिळाला सर्कलला एक. दुसरा मागितला तर उत्तर आले, मागणी विचाराधीन आहे.

एवढी एकच वस्तू म्हटल्यावर मी ती फार जपली. हुकूम दिला, की शिक्का ऑफिसच्या कपाटात कुलपात राहील आणि किल्ली मुन्शीकडे, म्हणजे ऑफिसचे कागद सांभाळणाऱ्या हवालदाराकडे. सकाळी नऊ ते दहा, आठवड्याच्या ठरलेल्या पाळीने, एकेकाने यायचे, रजिस्टरवर वेळ घालून सही करायची, आपल्या पुस्तकाची पाने शिक्का मारून न्यायची. हुकूम तोंडीच होता. नऊ ते दहा मी स्वतः पुलावर असायचो, त्यामुळे हे कसे चालते ते मी एकदाही पाहिले नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि विसरून गेलो.

जानेवारीत एका दुपारी एक बाई माझ्या खोलीत आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, हातात प्लास्टिकची फाइल. टाइप केलेला हिंदी अर्ज माझ्यापुढे ठेवला, त्याला चलानच्या पावतीची झेरॉक्स जोडलेली. अर्जात एकच ओळ होती. मी भरलेली दंडाची रक्कम सरकारजमा झाली आहे किंवा कसे, ते कळावे.

इतक्या वर्षांच्या नोकरीत दंड माफ करा म्हणून आलेली माणसे मी हजारांनी पाहिली होती. कुणी मामाची चिठ्ठी आणायचा, कुणी खासदाराचा फोन. जमा झाला का, असे विचारायला आलेले हे पहिलेच. मला वाटले बाई आमच्यावर संशय घेताहेत, आणि मी चिडलो.

"मॅडम, आपको हम पर शक है क्या?"

त्यांनी माझ्या छातीवरची पाटी वाचली. "आडनावावरून मराठी दिसता. मग मराठीतच बोलते. शक नाही हो. लाल दिवा मी तोडला. ऑफिसला उशीर होत होता, धुकं होतं, पण तोडला तो तोडला. दंड वाजवीच होता. फक्त त्या माणसानं पावती फाडली तेव्हा खालची प्रत कोरी राहिली. मधे कार्बनच नव्हता. मग तुमच्या ऑफिसला कळणार कसं, मी पैसे भरले म्हणून?"

"तुम्ही कार्बन बघितलात?"

"मी मंत्रालयात स्टेशनरीच्या सेक्शनला आहे. तीस वर्षं कार्बनच वाटतेय. तो दिसणार नाही तर काय दिसणार?"

मी मुन्शीला बोलावले. त्याने जमा रजिस्टर पालथे घातले. त्या क्रमांकाची पावती जमा नव्हती, आणि त्या क्रमांकाचे पुस्तकही आमच्या सर्कलला आलेले नव्हते. पण पावतीवरचा बेल्ट नंबर, म्हणजे बक्कल नंबर, आमच्याच एका हवालदाराचा होता, आणि ज्या कोपऱ्यावर बाईंना पकडले तो त्याचाच पॉइंट, नेमून दिलेली जागा.

हा हवालदार हरयाणातल्या एका खेड्यातला. उंच, हडकुळा, बुटांना अशी चमक की त्यात भांग पाडावा. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. हा सासऱ्याचेही चलान फाडील, अशी सर्कलमध्ये त्याची थट्टा चालायची. माझ्या ड्रायव्हरने एकदा थांबारेषा ओलांडली तर याने माझ्यादेखत पुस्तक काढले होते आणि मी निमूट उभा राहिलो होतो. म्हणूनच मला जास्त राग आला. वाटले, मुख्यालयातल्या कुणा दोस्ताकडून परस्पर एखादे नवे पुस्तक मिळवले आणि जाता जाता हात मारून घेतला. दर वाढला की मोहही वाढतो, असे मी मनाशी म्हणालोही. पोलीस खात्यात एकदा माणसावर मत बसले की पुढचे पुरावे त्या मताच्या मागे चालत येतात. हे आज कळते.

दोन दिवसांनी मुख्यालयातून दक्षता विभागाचे अधिकारी आले. माझ्याच खोलीत चौकशी झाली. हवालदार समोर सावधान उभा. त्याला खुर्ची देण्याचे माझ्या मनातही आले नाही.

"ही सही तुझी?" मी हिंदीत विचारले.

"मेरे जैसी है साहब. मेरी नहीं है."

"बेल्ट नंबर?"

"नंबर मेरा है."

"सोमवारी सव्वानऊला कुठे होतास?"

"ड्युटी पर था."

"पॉइंटवर होतास का?"

तो गप्प बसला. मी तोच प्रश्न आवाज चढवून विचारला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, मग माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहत तेच म्हणाला, "ड्युटी पर था साहब." दक्षतावाल्यांनी विचारले, मी पुन्हा विचारले, शेवटी टेबलावर हात आपटून विचारले. त्यापलीकडे एक शब्द निघाला नाही. गर्दीच्या वेळी पॉइंट सोडणे हा आमच्याकडे गंभीर कसूर. पॉइंटवर होतो म्हणाला तर पावती त्याच्या गळ्यात, नव्हतो म्हणाला तर कसूर गळ्यात. त्याने दोन्ही म्हटले नाही. मी त्याचा अर्थ लावला, की चोर पकडला गेला आहे. माणसाची नजर वळली की तो खोटा, हे माझे गणित होते आणि त्याचा मला भारी तोरा होता.

ओळख पटवायला बाईंना बोलावले. त्यांनी हवालदाराकडे बराच वेळ पाहिले.

"धुकं होतं," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं तोंडावर मफलर गुंडाळला होता, फक्त डोळे दिसत होते. उंची साधारण एवढीच. हेच होते असं मी म्हणणार नाही. आणि नव्हतेच, असंही शपथेवर नाही सांगता येणार."

त्या घुटमळताहेत हे पाहून हवालदारच त्यांना म्हणाला, "कोई बात नहीं बहनजी. जितना देखा है उतना ही बोलिए."

बाईंचे डोळे भरून आले. दक्षतावाल्यांनी मात्र लिहिले, तक्रारदार महिलेने इन्कार केला नाही. संध्याकाळी निलंबनाचा आदेश निघाला. फौजदारी गुन्हा नोंदवण्यासाठी कागद तयार होऊ लागले. निलंबित असताना निवृत्तीची तारीख आली असती तर त्याची पेन्शन चौकशी संपेपर्यंत अडकली असती, आणि अशा चौकश्या किती वर्षे चालतात ते मला ठाऊक होते. तीसहून अधिक वर्षांची नोकरी, आणि गावात परत जायचे ते चोर म्हणून. त्याने बेल्ट काढून मुन्शीच्या टेबलावर ठेवला, नीट गुंडाळून, मला सलाम केला आणि गेला. मी सलाम घेतला नाही.

आठवडा गेला. बाई पुन्हा आल्या. या वेळी फाइल नव्हती, कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक लांब लोखंडी तार काढली. खाली पुठ्ठ्याची चकती, वर आकडा, आणि मधे ओवलेले कागद. आमच्या लहानपणी घरोघरी अशी तार खिळ्याला टांगलेली असायची. विजेचे बिल, दुधाचे बिल, शाळेची फी, सगळे तिच्यावर.

"तुमच्या पॉइंटवर दुसराच माणूस दिसला," त्या म्हणाल्या. "विचारलं तर म्हणाला, ते सस्पेंड झाले. म्हणजे माझ्या अर्जावरून झाले. चार रात्री झोप नाही मला. मग सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लावली, की त्या कोपऱ्यावर ज्यांनी दंड भरला त्यांनी पावती आणून द्यावी. माझी धरून पाच झाल्या. मी तुम्हाला झेरॉक्स दिली ती माझी चूक. आता असली बघा. काढू नका, तारेवरच बघा."

मी बघितल्या. पाचही एकाच नंबरच्या, एकाच सहीच्या.

"काय बघू?"

"छपाई बघा. दर नवे, आणि छापलेले. शिक्का कुठेही नाही."

"नवी पुस्तकं आली असतील मुख्यालयात. त्यातलंच एक त्यानं मिळवलं."

बाई चक्क हसल्या. "कायदा बदलून दिवस किती झाले? आधी मसुदा, मग मंजुरी, मग निविदा, मग प्रूफ, मग पुन्हा मंजुरी. अहो, तीस वर्षांत रजेचा साधा फॉर्म सहा महिन्यांच्या आत बदललेला मी पाहिला नाही. सरकारी कागद इतका चोख नसतो, साहेब. फोन करा आणि विचारा."

मी मुख्यालयाच्या भांडारात फोन लावला. तिकडचा कारकून म्हणाला, नवी पुस्तके कसली, फाइल अजून सहीला पडली आहे. मी फोन ठेवला. म्हणजे पुस्तक अख्खे बनावट होते. पण माझे डोके अजून जुन्याच खुंटीला बांधलेले.

"मग त्यानं बाहेरून छापून घेतलं," मी म्हणालो.

"असेल बाई, घेतलंही असेल. पण त्या वेळी कोपऱ्यावर तेच होते का, हे तर नक्की कळायला हवं. तुमच्या खऱ्या पावतीवर शिक्का असतो ना? तो राहतो कुठे?"

"कपाटात."

"मारतात कधी?"

"नऊ ते दहा. पाळीनं येतात आणि मारून नेतात."

"येतात म्हणजे पॉइंट सोडून?"

कुणी कानशिलात मारावी आणि कान वाजत राहावा, तसे झाले. गर्दीची वेळ नऊ ते दहा. शिक्क्याची वेळ नऊ ते दहा. हुकूम माझा.

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितले नाही, निदान तसे दाखवले नाही. "शिक्क्याचं रजिस्टर असेलच," त्या म्हणाल्या. "शिक्का आहे आणि रजिस्टर नाही, असं ऑफिस मी अजून पाहिलेलं नाही."

मुन्शीने रजिस्टर आणले. हवालदाराची पाळी सोमवारी आणि गुरुवारी. तारेवरच्या पाच पावत्या, तीन सोमवारच्या, दोन गुरुवारच्या. ठगाने मोठ्या इमानाने प्रत्येकीवर तारीख आणि वेळ घातली होती. सगळ्या नऊ ते पावणेदहाच्या मधल्या. आणि त्या पाचही दिवशी, त्याच वेळी, आमच्या रजिस्टरवर हवालदाराची ठसठशीत सही, शेजारी मुन्शीची. कोपऱ्यापासून ऑफिस पायी वीस मिनिटांवर. एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, हे सांगायला अनुभव लागत नाही.

"तू बोलला का नाहीस?" मी मुन्शीवर ओरडलो.

"साहब, किसी ने पूछा नहीं," तो म्हणाला. "और हुकुम आपका था."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फाशीचा दोर मी स्वतः वळला होता.

गुरुवार दोन दिवसांवर होता. मी स्थानिक ठाण्याच्या प्रमुखांना भेटलो आणि सापळा ठरला. नव्या शिपायाला सांगितले, नेहमीप्रमाणे नऊला पॉइंट सोड आणि शिक्क्याला जा. आम्ही चौघे साध्या कपड्यांत, चार्टर्ड बसची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत. दिवा तोडायला माणूस हवा होता. मी बाईंना विचारले, तुम्ही स्कूटर घेऊन याल का, तुम्हाला तो ओळखतो, बिचकणार नाही.

"येईन की. पण लाल दिवा तोडणार नाही."

"अहो, नाटकच आहे ते."

"नाटकातही नाही. एकदा खरा तोडला तेवढा पुरे."

शेवटी ठाण्याच्या एका शिपायाने ते काम केले. धुक्यातून आमच्याच गणवेशाचा पांढरा शर्ट, निळी पँट, तोंडावर मफलर असा एक उंच माणूस पुढे आला आणि शिट्टी वाजवून त्याने स्कूटर बाजूला घेतली. पावती फाडली, पैसे घेतले, आणि आम्ही त्याचे दोन्ही हात धरले. पावतीवर बेल्ट नंबर होता आमच्या हवालदाराचा, जो आठ-दहा दिवसांपासून घरी बसला होता. त्या एका कागदाने हवालदाराची निम्मी सुटका तिथेच झाली. साथीदार मोटारसायकलवर थांबला होता, तोही सापडला.

ठाण्यात पहिला तासभर तो 'गलती हो गई' याच्यापुढे जाईना. माझा अनुभव सांगतो, कारागीर माणसाला धमकावून काही मिळत नाही, त्याच्या कामाची वाखाणणी करावी. मी चहा मागवला, पावती उजेडात धरली आणि म्हणालो, छपाई मात्र सुरेख आहे. मग तो खुलला. नोएडाच्या नव्या वसाहतीत एका छापखान्यात तो कामाला होता, मालकाच्या नकळत सुट्टीच्या दिवशी छापायचा. त्याआधी तो आमच्याच सर्कलला गाड्या उचलणाऱ्या क्रेनवर ठेकेदाराचा मजूर होता. तेव्हाची आमच्या हवालदाराची एक जुनी पावती त्याने जपून ठेवली होती, नंबर आणि सही तिच्यावरून उतरवली. कोपरा सोमवार-गुरुवार मोकळा असतो, हे चहाच्या टपरीवर बसून त्याच्या ध्यानात आले होते. जे मला ठाऊक नव्हते ते टपरीवर ठाऊक होते.

"हे सुचलं कधी?"

"रेट बढ़े तब, साहब. पुराने रेट में क्या रखा था. और कोर्ट के डर से लोग रसीद देखते भी नहीं, बस पैसे देकर भागते हैं."

"मग दर छापलेस कशाला? जुन्या पावतीवर शिक्का का नाही मारलास?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नए रेट आए तो नई किताब भी आई होगी ना साहब?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सरकारवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मी नोकरीभर दुसरा पाहिला नाही, आणि तो निघाला चोर.

त्याच दुपारी मी डीसीपी साहेबांपुढे उभा राहिलो. सांगितले, हवालदाराने पॉइंट सोडला तो माझ्या तोंडी हुकुमाने. ते म्हणाले, चोर सापडला आहे, हवालदार सुटेल, हे लिहून द्यायलाच हवे का, तुमच्या बढतीची फाइल वर आहे. मला मोह झाला, खोटे कशाला सांगू. पण रजिस्टर पाहून दक्षतावाल्यांनी मारलेला पॉइंट सोडल्याचा शेरा त्याच्या नावावर तसाच राहिला असता, आणि तो माझ्यामुळे राहिला असता. मी तिथेच कागद मागून लिहून दिले. मला लेखी ताकीद मिळाली आणि बढती मागे पडली. हवालदाराचे निलंबन शेऱ्यासकट रद्द झाले.

आदेश घेऊन मी स्वतः त्याच्या खोलीवर गेलो. तो उन्हात बसून बुटांना पॉलिश करत होता. ड्युटी नाही, बेल्ट नाही, आणि हा बूट घासतोय. मला पाहून उभा राहिला. मी आदेश दिला, त्याने दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मी म्हणालो, माझे चुकले. आमच्या खात्यात इन्स्पेक्टर हवालदाराला असे म्हणत नसतो, मला ते जड गेले, पण म्हणालो.

मग विचारले, "त्या दिवशी का नाही बोललास? शिक्क्याला गेलो होतो, एवढं म्हणायचं होतं."

तो बुटाकडे पाहत होता. "उस कमरे में विजिलेंस वाले साहब बैठे थे. मैं कहता, साहब के हुकुम से पॉइंट छोड़ा. हुकुम कागज पर तो था नहीं. आप मना कर देते तो?"

"मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुला?"

"पता नहीं साहब. इसीलिए नहीं बोला. दो महीने और आपको सलाम करना था. आप मना कर देते तो कैसे करता?"

पेन्शन जाणार होती, अब्रू जाणार होती, आणि या माणसाला काळजी होती की आपला साहेब खोटा निघू नये. मी त्याला सलाम केला. त्याने घाईघाईने, हातात ब्रश असतानाच, उलट सलाम केला.

तो त्याच कोपऱ्यावर परत उभा राहिला. पहिल्याच दिवशी दहाच्या पुढे बाई स्कूटर ढकलत आल्या. मी तिथे होतो. मला वाटले भेटायला आल्या असतील. त्यांनी त्याला नमस्कार केला, म्हणाल्या, भाईसाहब, माफ कीजिए, आणि मग पाकीट काढले.

"चलान करा माझं."

"अहो, ते झालं ना आता," मी म्हणालो. "तुम्ही एकदा पैसे भरलेत."

"ते चोराला भरले. लाल दिवा तोडला तो सरकारचा. सरकारचे राहिलेच की."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने पुस्तक काढले, कार्बन नीट बसवला आणि बाईंना तो उचलून दाखवला. जुन्या दरावर रेघ होती, शिक्का होता, जरासा तिरका. त्यात त्याने नवी रक्कम लिहिली, सही केली. बाईंनी शाईवर फुंकर घातली आणि पावती पिशवीत ठेवली, घरी जाऊन तारेला ओवायला.

दोन महिन्यांनी हवालदार पूर्ण पेन्शन घेऊन, हार घालून, गावाला गेला. नवी पुस्तके त्यानंतर आली, आणि त्याच आठवड्यात आम्ही मागितलेला दुसरा शिक्काही आला.

दंड वाढवावा की नाही, यावर लोक अजून माझे मत विचारतात. मी म्हणतो, जरूर वाढवा. पण ज्या दिवशी दर वाढवाल त्या दिवशी पुस्तक, कार्बन आणि शिक्का पुरेसे आहेत का, ते आधी बघा, कारण त्यांची उणीव कोपऱ्यावर उभा असलेला शेवटचा माणूस भरून काढतो. आणि हुकूम द्याल तो लिहून द्या. त्या दिवसानंतर मी तोंडी हुकूम दिला नाही, कानाला खडा लावला.

निवृत्त झाल्यावर मीही एक तार आणली, चकतीची, आकड्याची. तिच्यावर पहिला कागद त्या ताकीदपत्राचा आहे. बायको म्हणते, असला कागद कुणी टांगून ठेवतं का. मी ठेवतो. हवालदाराने त्या खोलीत माझ्या हुकुमाचे नाव घेतले असते, तर दक्षतावाल्यांसमोर, बढतीची फाइल वर असताना, मी काय म्हणालो असतो, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याने मला ती परीक्षा द्यायला लावली नाही.